चार बोटं बाहेर राहिलेला गज

गज चार बोटं बाहेर राहिला.

मी तो काढला, फडक्यानं पुसला आणि पुन्हा नळीत सोडला. आत कुठंतरी तो मऊसर जागेवर टेकला. लोखंडावर लोखंड वाजतं तसा वाजला नाही. पुन्हा चारच बोटं बाहेर. मी बंदूक बाकावर अलगद आडवी ठेवली आणि तिच्या तोंडासमोरून बाजूला झालो.

"काय झालां रे?" पडवीतून आईनं विचारलं. ती कोकमं फोडत बसली होती. पितळेचे भाग साफ करायला मी तिच्याकडून कोकमाच्या सालींचं पाणी नेत असे, त्यामुळे माझ्या या उद्योगात आपलाही वाटा आहे असं ती धरून चालायची.

"भरलेली आसा गो ही."

"भरलेली? पोलिसांनी दिल्यानी मां ती?"

"पोलिसांनीच."

"मगे तेंकाच नेवन दी," ती म्हणाली आणि पुढचं कोकम उचललं.

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी कुडाळला एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो आणि रविवारी घरामागच्या शेडमध्ये जुन्या गंजक्या बंदुका साफ करत असे. छंद म्हणा, खूळ म्हणा. बायको खूळच म्हणायची. मी एकही बंदूक कधी उडवली नाही, मला शिकारीत रस नाही. मला गंजात रस आहे. तेलात आठ-आठ दिवस मुरवून, पितळी ब्रशनं घासून, तांबड्या पापुद्र्याखालून निळसर काळं लोखंड वर आलं, की मला जो आनंद होतो तो मुलाच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. लाकडी दस्ता असेल तर त्याला उंडीचं तेल पाजायचं. काम संपलं की ज्याची त्याला परत. परवानगीचे कागद मी नीट ठेवत असे, कारण हत्यारांच्या बाबतीत हौसेला कोणी विचारत नाही.

त्या वर्षी तालुक्याच्या नव्या कचेरीत जुन्या वस्तूंचा एक फळा लावायचं ठरलं होतं. आमच्या भागात पिकाच्या राखणीसाठी लोकांकडे ठासणीच्या बंदुका असत. निवडणूक आली की त्या पोलिसात जमा कराव्या लागतात, निकाल लागला की परत न्यायच्या. काही जण परत न्यायला येतच नाहीत. अशा बेवारशी पडलेल्यांपैकी आठ बंदुका पोलीस ठाण्यानं मला पत्रासह दिल्या. एक मेच्या आत चकाचक करून हव्या होत्या. अशी पाठ कोणी थोपटली की मी फुगतो, हे मला मान्य आहे.

ठासणीच्या बंदुकीला हात लावण्याआधी एक गोष्ट करायचीच, हे मला बाबांनी शिकवलं होतं. गज आधी नळीच्या बाहेरून लावायचा, तोंडापासून मागच्या निपलपर्यंत, म्हणजे केप, घोडा पडला की फुटणारी टिकली, बसते त्या बोंडापर्यंत, आणि गजावर खूण करायची. मग तोच गज तोंडातून आत सोडायचा. खुणेपर्यंत गेला तर बंदूक रिकामी. नाही गेला, तर जेवढा बाहेर राहिला तेवढा बार आत बसलेला आहे: तळाला दारू, तिच्यावर सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालाचा, बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा. सात बंदुका रिकाम्या निघाल्या होत्या. ही आठवी.

चापाच्या कडीला पत्र्याची एक चकती तारेनं बांधलेली होती. मी तिच्यावर तेल चोळलं तेव्हा ठोकून काढलेली अक्षरं वर आली. 'सगुण बाबाजी राऊळ, तांबेखोल. जमा ५-५-८०.'

माझा हात थांबला. तांबेखोल माझंच गाव, बाबा असेपर्यंत आमचं घर तिथंच होतं. आणि सगुण राऊळांची ती बंदूक कुठली, हे आमच्या गावात शाळेत न गेलेल्या पोरालाही माहीत होतं. तिनं सख्खा भाऊ मारला होता.

ऐंशी सालच्या शिमग्यानंतरची ती शिकार. मी तेव्हा दहावीच्या परीक्षेसाठी कुडाळला मामाकडे होतो, म्हणून मला सगळं ऐकूनच ठाऊक. आमच्या वाडीत परवान्याच्या बंदुका दोनच होत्या, एक सगुणतात्यांची आणि एक माझ्या बाबांची, लवू गावड्यांची. सुक्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, एका अंगाला तात्या दबा धरून बसले, दुसऱ्या अंगाला बाबा. वरून माणसं आरडाओरडा करत रान काढत खाली येत होती. करवंदीची जाळी हलली, बार झाला आणि जाळीतून डुकराऐवजी धाकू बाहेर पडला. धाकू म्हणजे तात्यांचा धाकटा भाऊ. रान काढणाऱ्यांच्या पुढे धावत आला होता. वय सव्वीस, घरात बायको आणि दीड वर्षाची मुलगी.

बार एकच झाला, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. तात्यांनी बंदूक दगडांत फेकली आणि 'मी मारलंय, मी मारलंय' म्हणत ते व्हाळात लोळले. बाबा पलीकडून धावत आले आणि म्हणाले, 'माझी भरलेलीच आसा.' त्यावर कोणी काही विचारलं नाही. मारणारा घरातला, मेलेला घरातला, पोलिसात कोणाला द्यायचं? कड्यावरून पडला असं सांगायचं ठरलं आणि ऊन उतरायच्या आत धाकूला अग्नी दिला. महिन्याभरात निवडणूक लागली. कोणीतरी ती बंदूक दगडांतून उचलून आणली होती, ती इतरांबरोबर जमा झाली. ती परत आणायला तात्या गेले नाहीत.

त्यांची बायको आधीच बाळंतपणात गेली होती. त्यांनी घर धाकूच्या बायकोला, शेवंतीला, सोडलं आणि स्वतः समोरच्या गोठ्यात राहायला गेले. शेती करायची, भात झोडून उंबऱ्याबाहेर आणून ठेवायचं आणि मागे फिरायचं. ती आतून येऊन घेऊन जायची. दोघांत शब्द नाही. गावानं त्यांना वाळीत टाकलं नव्हतं, तसं कोणी ठरवलंही नव्हतं. फक्त त्यांच्या हातचं पाणी कोणी घेईना. जत्रेत ते लांब उभे राहत, मग ते जत्रेलाही येईनासे झाले.

एकटे माझे बाबा जायचे. दर रविवारी सकाळी बाबा आपली बंदूक पुसत, आंघोळ करून धुतलेला सदरा घालत आणि राऊळांच्या गोठ्याकडे जात. तासभर बसत, पाणी पिऊन परत येत. शिकार त्यांनीही त्या दिवसापासून सोडली होती. मला या गोष्टीचा फार अभिमान होता. वर्कशॉपमध्ये मी चारचौघांना सांगितलेलं आहे, की सगळं गाव एकीकडे आणि माझा बाप एकीकडे.

आणि आता ती बंदूक माझ्या बाकावर होती आणि भरलेली होती.

मी भिंग घेऊन मागचा भाग बघितला. निपलवर केप होती. गंजून, हिरवी पडून चिकटून बसली होती, पण तिच्या कडा पाकळ्यांसारख्या उघडल्या होत्या. फुटलेली केप. ठासणीच्या बंदुकीचं असं होतं कधीकधी. दारू दमट असते, नाहीतर निपलचं भोक तुंबलेलं असतं. घोडा पडतो, केप फुटते आणि आतली दारू पेटतच नाही.

वर फुटलेली केप आणि खाली तसाच भरलेला बार.

म्हणजे तात्यांनी चाप ओढला होता, पण बंदूक उडालीच नव्हती. बार झाला तो दुसरीकडून. आणि व्हाळावर दोनच बंदुका होत्या.

दुसरी माझ्या डोक्यावर भिंतीला टांगलेली होती. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. परवाना मी वारसानं माझ्या नावावर करून घेतला होता. तिच्यावर गंजाचा ठिपका नव्हता, कधीच नव्हता.

मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. आई कधी शेडच्या दारात येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

"कोणाची ती?"

"सगुण राऊळांची."

ती हात पदराला पुसत राहिली. कोकमाचे डाग पदराला लागलेले निघत नाहीत, हे तीच मला लहानपणी ओरडून सांगायची.

"आये," मी म्हटलं, "त्या दिसा बाबांनी बंदूक धुतलेली?"

हा प्रश्न बाहेरच्या कुणाला साधा वाटेल. पण आमच्या घरात बंदुकीचा कायदा होता. काळ्या दारूचा बार टाकला, की त्याच दिवशी उकळतं पाणी नळीत ओतून ती धुवायची, नाहीतर दारूचा मळ दोन दिवसांत लोखंड खातो. न उडवलेली बंदूक कोणी धूत नाही. ती नुसती पुसतात.

आई उंबऱ्यावर बसली.

"मीच पाणी तापवन दिलंय," ती म्हणाली. "न्हाणीच्या हंड्यात. तीनदा."

"मगे?"

"मगे काय? माका कळलां."

"आणि तू बोलूक नाय?"

"कोणाक बोलू? धाकूक जाळून इले, येवन चुलीकडे बसले आणि म्हणाले, पाणी तापव. तेंच्या तोंडाकडे माका बघवना नाय. तुझी परीक्षा चालू. घरात एकच कमवणारो. बोलान काय धाकू परत येतलो होतो?"

"चौतीस वर्सां झाली, आये."

"माका मोजूक येतां," ती फटकन म्हणाली.

मग ती उठली आणि बाकाजवळ आली. बंदुकीला तिनं हात लावला नाही.

"तू गंज काढतंस मां? मगे हेचोय काढ. बार खरवडून टाक, ती केप काढ. नवी करून पोलिसांक दी. तेंका नवीच होयी हा. कोणाक काय कळाचां नाय."

तिचं बरोबर होतं. अर्ध्या दिवसाचं काम. काम झालं की ती बंदूक इतर सात बंदुकांसारखी फळ्यावर टांगली गेली असती आणि तिच्यात काय होतं ते मी आणि आई सोडून कोणाला कळलं नसतं. मी नियमानंच वागलो असतो. भरलेली बंदूक रिकामी करायची, हाच नियम.

आणि मी ते करायला घेतलं, खोटं कशाला सांगू? नळीत पाणी ओतून आतली दारू निकामी केली, ते करायलाच हवं होतं. मग चिमटा घेतला आणि केपला लावला. जोर लावलाही नव्हता, तोच केपची एक पाकळी तुटून बाकावर उडाली.

मला भयंकर भीती वाटली. तशी भीती मला त्याआधी एकदाच वाटली होती, मुलगा लहानपणी विहिरीच्या कठड्यावर चढला होता तेव्हा. मी चिमटा फेकला आणि गुडघ्यांवर बसून ती पाकळी शोधू लागलो. तिळाएवढा तुकडा, लोखंडाच्या किसात पडलेला. सापडायला पाऊण तास लागला. ती मी कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवली. मग मात्र मला चिमटा पुन्हा हातात धरता येईना.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. बंदूक गोणपाटात गुंडाळून स्कूटरला बांधली. पोलिसांच्या पत्रात 'दुरुस्तीकामी' असं लिहिलेलं होतं. मी करत होतो ते दुरुस्तीत बसतं की नाही, हे मी कोणाला विचारलं नाही.

आई दारात आली. मला वाटलं, आडवी येईल. तिनं स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तेणी पाणी दिल्यान तर पी," एवढंच म्हणाली.

सगुणतात्या गोठ्याच्या पडवीत नारळाची चुडतं विणत बसले होते. अडुसष्टीचा माणूस, पण ऐंशीचा वाटावा असा वाळलेला. गोठा सारवलेला, अंगण लख्ख झाडलेलं. समोरच्या घराचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"लवूचो झील मां तू? उल्हास?" ते चटकन उठले. मी बसायच्या आत त्यांनी तांब्या भरून आणून माझ्यापुढे ठेवला, शेजारी गुळाचा खडा. "बस, बस. तुझो बापूस हयसरच बसायचो. ह्याच खांबाक टेकान."

मी खांबाला न टेकता बसलो. तांब्याला हात लावला नाही. उन्हातून आलो होतो तरी. आधी काम, असं मनाशी म्हटलं आणि गोणपाट सोडलं.

त्यांनी एकदाच बघितलं आणि तोंड फिरवलं.

"ही कित्याक हाडलंस?"

"तात्या, एकदा गज टाकून बघा."

"माका ती नको. ने ती हयसून."

"तात्या, मी तुमच्या पायां पडतंय. एकदाच बघा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग जमिनीवर बसले आणि बंदूक मांडीवर घेतली. डोकं नको म्हणत असलं तरी हातांना सगळं आठवत होतं. त्यांनी गज नळीच्या बाहेरून लावला, निपलपाशी धरला, नळीच्या तोंडाजवळ गजावर अंगठ्याचं नख ठेवलं. मग नख तसंच दाबून धरून गज आत सोडला.

नख तोंडापर्यंत पोचलं नाही.

त्यांनी पुन्हा टाकला. मग बाहेर राहिलेल्या गजाला आपली चार बोटं लावली, एकाला एक चिकटवून, आणि त्या बोटांकडे बघत बसले. मग त्यांनी बंदूक डोळ्यांजवळ नेऊन केप बघितली. मी खिशातली पुडी सोडून तुटलेली पाकळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ही माझ्या हातान तुटली. पण केप तुमचीच. आत बार तसोच आसा."

"धक्को बसाक नाय," ते म्हणाले.

"काय?"

"खांद्याक धक्को बसाक नाय. धूरय माझ्याकडे नव्हतो. मी चाप वढलंय आणि आवाज झालो. समोर धाकू." त्यांचा आवाज अगदी साधा होता, शेताच्या बांधाबद्दल बोलावं तसा. "माका वाटलां, भावाचां रक्त बघलंय म्हणान आंगाक कळाक नाय. चौतीस वर्सां रोज आठवतंय, धक्को कित्याक बसाक नाय."

आणि मग ते रडायला लागले. मोठ्यानं नाही. बंदूक मांडीवर तशीच, तोंड उघडं, आणि डोळ्यांतून पाणी. मलाही आवरेना. आपण एका माणसाचा जन्म परत आणून दिला, असं काहीतरी मला त्या क्षणी वाटलं, आणि मला ते वाटल्याची आजही लाज वाटते, कारण पुढचा प्रश्न यायचा होताच.

त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. खांबाकडे बघितलं, बाबा टेकून बसत त्या खांबाकडे.

"लवूक म्हायत होतां?"

मी 'नाय' म्हणू शकलो असतो. बाबा गेलेले होते. जाळी हलली, दोघांनी एकदमच चाप ओढले, गोंधळात त्यांनाही कळलं नाही, असं सांगितलं असतं तर तात्यांनी आनंदानं मानलं असतं. त्यांचा चेहराच सांगत होता, की त्यांना तेच ऐकायचं आहे. धाकूही परत मिळाला असता आणि लवूही राहिला असता.

"होतां," मी म्हटलं. "त्याच दिसा बंदूक धुतल्यानी. आयेन पाणी तापवन दिल्यान."

त्यांनी मान हलवली. मग पुन्हा हलवली.

"दर ऐतवारी येय," ते म्हणाले. "पावस असो, ताप असो. येवन बसायचो, कायएक बोलायचो नाय. जाताना म्हणायचो, सगुण, पाणी दी. साऱ्या गावात माझ्या हातचां पाणी पिणारो तो एकटो. मी म्हणायचंय, देवान माझां सगळां नेल्यान, पण ह्यो एक माणूस ठेवल्यान. तो गेलो तेवा मी तेरा दिवस सुतक धरलंय, तुमका कोणाक म्हायत नाय. भावासारखां धरलंय."

मी रिकाम्या गोणपाटाची उगाच घडी घालत राहिलो.

ते उठले. बंदूक तशीच हातात घेऊन, गज नळीच्या तोंडातून बाहेर आलेला, अंगण ओलांडून घराच्या पायरीशी गेले आणि थांबले.

"शेवंती," त्यांनी हाक मारली. हाक मारायची सवय नसलेल्या माणसाची हाक, फार मोठ्यानं गेली.

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला. शेवंतीकाकी दारात आली. छप्पन्न-सत्तावन्नची असेल. तिनं आधी तात्यांकडे पाहिलं, मग बंदुकीकडे, आणि दाराची चौकट धरली.

तात्यांनी बंदूक पायरीवर उभी केली आणि बाहेर राहिलेल्या गजाला चार बोटं लावून दाखवली. "माझी उडाक नाय," ते म्हणाले. "बघ. बार भुतूर तसोच आसा. माझी उडाकच नाय गो."

ती शिकाऱ्यांच्या घरची सून होती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती पायरी उतरून खाली आली. वाकून गज बघितला, मग केप बघितली. मग मान वर करून अंगणापलीकडे बसलेल्या माझ्याकडे बघितलं. ती मला ओळखत होती. मी कोणाचा मुलगा, तेही ओळखत होती. ती नजर मी दहा वर्षं विसरायचा प्रयत्न करतो आहे. तिच्यात राग असता तर बरं झालं असतं. माझ्याकडून आता काहीच नको, अशी ती नजर होती.

"भावजी," ती तात्यांना म्हणाली, "भुतूर येवा."

ते उंबऱ्यापाशी अडखळले. पाय धुवायला पाणी शोधत असावेत, इकडंतिकडं बघत राहिले. तिनं आतून कळशी आणून त्यांच्या पायांवर पाणी ओतलं आणि ते आत गेले. दार तिनं लावून घेतलं, हळूच, आवाज न करता.

मी तिथं अर्धा तास बसलो. आतून बोलणं ऐकू येत होतं, कधी त्यांचं, कधी तिचं, शब्द कळत नव्हते. मला कोणी हाक मारली नाही, जा असंही कोणी सांगितलं नाही. माझ्यापुढचा तांब्या तसाच होता, गुळाला मुंग्या लागल्या होत्या. शेवटी मी उठलो, पायरीवरची बंदूक गोणपाटात गुंडाळली आणि निघालो.

एक मेला सात बंदुका मी वेळेवर दिल्या. आठवी 'दुरुस्त होण्यासारखी नाही' असं लिहून, केपला पुन्हा चिमटा न लावता परत केली. साहेब थोडे नाराज झाले. त्यानंतर मी बंदुका घेतल्या नाहीत.

त्या दुपारी घरी पोचलो तेव्हा आई पडवीत होती. कोकमं फोडून झाली होती, साली उन्हात पसरलेल्या होत्या. मी स्कूटर लावली, बंदूक शेडमध्ये ठेवली आणि येऊन तिच्याशेजारी खाली बसलो.

"सांगलंस?"

"सांगलंय."

"सगळां?"

"सगळां."

तिनं एक साल उलटी केली, मग दुसरी.

"पाणी दिल्यान?"

"दिल्यान. आधीच. काय बोलूच्या आदी."

"पिलंस?"

"नाय."

समोर रस्त्यावरून शाळा सुटलेली पोरं जात होती, त्यांच्याकडे ती बघत राहिली.

"तुझे बाबा दर ऐतवारी थंयचां पाणी पियत," ती म्हणाली, "आणि घराक येवन मागच्या परड्यात ओकत. पोटात बोटभर रवाचां नाय. मी तांब्यो घेवन मागे उभी रवायचंय, तोंड धुवक. कदी तेंनी काय सांगूक नाय आणि मी काय इचारूक नाय."

"किती वर्सां?"

आईनं आठवून बघितलं.

"दोन-तीन वर्सां," ती म्हणाली. "मगे सवय झाली तेंका."